परदेशातून शिकून आलेले डॉक्टर : परीक्षा एक, उणीव ज्याची त्याची

परतूरसारख्या तालुक्याच्या गावीही आता रशिया, चीन, युक्रेन आदी देशांतून वैद्यकीय पदवी घेऊन आलेले तरुण दिसू लागले आहेत. हा विषय आयुर्वेदाच्या त्रैमासिकात कशासाठी, असा प्रश्न काही वैद्यबंधूंना पडेल. ही मुले व त्यांचे पालक सल्ल्यासाठी प्रथम गावातील परिचित वैद्याकडेच येतात, हे त्याचे एक कारण. शिष्याची पारख कशी करावी याचा विचार आपल्या संहितांनी फार पूर्वी केलेला आहे, हे दुसरे.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फिया येथे एम.डी. पदवी संपादन केली. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली. परंतु रुजू होण्यापूर्वीच फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले. तिकडे शिकलेली विद्या इकडच्या रुग्णाच्या उशाशी नेऊन पोहोचविणे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

नियम काय सांगतो?

परदेशी पदवीधरांसाठी २००२ पासून चाळणी परीक्षा घेतली जाते. तीत ३०० प्रश्न असून उत्तीर्ण होण्यास १५० गुण लागतात. उत्तीर्णांचे प्रमाण बहुतेक वेळा निम्म्याहून पुष्कळच कमी राहिले आहे. नोव्हेंबर २०२१ च्या नियमावलीने किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम, त्याच देशात १२ महिन्यांची आंतरवासिता आणि भारतात परतल्यावर पुन्हा १२ महिन्यांची देखरेखीखालील आंतरवासिता या अटी घातल्या. २०२२ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांतील आंतरवासितेच्या जागांपैकी साडेसात टक्क्यांपर्यंत जागा या पदवीधरांसाठी ठेवण्याचे ठरले.

हे सर्व आवश्यकच आहे. तथापि चाळणी कण आणि कोंडा वेगळा करते. कोणत्या कणात काय उणे आहे, हे ती सांगत नाही. १५१ गुण मिळविणारे दोघे एकाच योग्यतेचे असतील असे नव्हे. एकाच नावाच्या ज्वराचे दोन रुग्ण आपण एकाच मापाने मोजत नाही. मग शिष्यांना का मोजावे?

संहितांचा दृष्टिकोन

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात उत्तम शास्त्राची लक्षणे सांगताना, ते तिन्ही प्रकारच्या शिष्यबुद्धीस हितकर असावे, असे म्हटले आहे. सुश्रुताचार्य तर अधिक व्यवहारी आहेत. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात त्यांनी प्रत्येक शस्त्रकर्मासाठी वेगळी योग्या सांगितली : छेदनासाठी कोहळा, दुधी, काकडी, वेधनासाठी मृत पशूच्या सिरा व कमळाचे देठ, सीवनासाठी जाड वस्त्र व मऊ कातडे. ज्याला जे कर्म येत नाही, त्याने त्याच कर्माचा अभ्यास करावा, हे त्यात गृहीत आहे. दहाव्या अध्यायात व्यवसायात प्रवेश करणारा वैद्य शास्त्र शिकलेला, कर्म पाहिलेला, योग्या केलेला आणि राजाची अनुज्ञा मिळविलेला असावा, असा क्रम येतो. आजची नोंदणी ही त्या अनुज्ञेच्या जागी आहे; परंतु ती क्रमात शेवटी येते, हे विसरता कामा नये.

आधुनिक शिक्षणशास्त्रही याच वाटेने आले. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये अशी परीक्षापद्धती मांडली की, विद्यार्थी एकामागून एक टेबलांवर जातो आणि प्रत्येक ठिकाणी एक कर्म प्रत्यक्ष करून दाखवतो. ब्रिटनमध्ये परदेशी डॉक्टरांसाठी असलेल्या ‘प्लॅब’ परीक्षेचा दुसरा भाग याच धर्तीवर आहे.

आमचा अनुभव

काही वर्षांपूर्वी परदेशात शिकलेले दोन तरुण थोड्या अंतराने आमच्याकडे आले. दोघेही चाळणी परीक्षा उत्तीर्ण झालेले. आम्ही दोघांनाही सारखाच सल्ला दिला : ग्रंथ पुन्हा वाचा. तो सल्ला चुकीचा होता, हे आम्हास नंतर उमगले. पहिल्याचे पाठांतर चोख होते, पण घोळक्यात मागे उभे राहून शिकल्यामुळे त्याने सलाईनची सुई स्वतः कधी लावलेली नव्हती. दुसऱ्याचा हात तयार होता. मात्र ‘जीव घाबरा होतोय’, ‘अंगात कणकण आहे’ असे रुग्ण म्हणाला, की पुढचा प्रश्न कोणता विचारावा हे त्यास सुचत नसे. मातृभाषा मराठी असूनही रुग्णाशी बोलणे तो परभाषेत शिकला होता.

पुढे आम्ही त्यांना एक साधा तक्ता करावयास सांगितला. डावीकडे कर्मे व आजार लिहावेत : सर्पदंश, विंचूदंश, कीटकनाशक प्राशन केलेला रुग्ण, उष्माघात, प्रसूती, टाके घालणे. समोर तीन रकाने : वाचले, पाहिले, केले. खुणा प्रामाणिकपणे कराव्यात आणि आंतरवासितेच्या पहिल्याच दिवशी तो कागद तेथील वरिष्ठांसमोर ठेवावा. दोघांचे तक्ते शेजारी ठेवले असता जेमतेम एखादी ओळ जुळत होती.

विंचूदंश या यादीत मुद्दाम घातला आहे. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावसकर नागपुरास शिकले. परंतु विंचूदंशावरील प्राझोसिनचा उपचार त्यांनी महाड परिसरातील रुग्णांच्या निरीक्षणातून जगापुढे मांडला. येथे शिकलेल्यालाही मातीकडून पुन्हा शिकावे लागते. मग बाहेरून आलेल्याने त्यात कमीपणा का मानावा?

आपले कर्तव्य

वैद्यबंधूंनी आपली मर्यादा ओळखावी. आधुनिक वैद्यक शिकविणे हे आपले काम नव्हे. रुग्णाची बोली, त्याचे आहारविहार, ऋतुमानाप्रमाणे येणारे आजार यांचा परिचय मात्र आपण करून देऊ शकतो. औषध विक्रेत्यांनाही येथे वाव आहे. या तरुणांना औषधाचे मूळ नाव ठाऊक असते, आपल्याकडील व्यापारी नावे व संयुक्त गोळ्या ठाऊक नसतात. तासभर बसून त्या दाखविल्यास अनेक चुका टळतील.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. नोंदणी पूर्ण न झालेल्या पदवीधरास रात्रपाळीसाठी आपल्या खुर्चीवर बसविणे, अथवा त्याच्या चिठ्ठीवर औषध देणे, हे कायद्याने गैर तर आहेच. परंतु त्याहून मोठा अपराध त्या रुग्णाचा व त्या तरुणाचाही आहे. ज्याची उणीव अद्याप कोणी तपासलीच नाही, त्याच्या हाती रुग्ण सोपविणे म्हणजे निदानावाचून चिकित्सा होय. आधी परीक्षा, मग उपचार, हा आपलाच नियम शिष्यालाही लावावा, एवढेच आमचे नम्र सांगणे. इत्यलम्.