मशीन मेंदू मोजतंय की रक्त?

ज्यांना कानात हेडफोन घालता येत नाही त्यांच्यासाठी हा आजचा भाग लेखी.

गेल्या आठवड्यात पांढरकवड्याहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. तिला सिकलसेल आहे, हिमोग्लोबिन आठच्या आसपास असतं. डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय सांगितला होता. ती म्हणाली, "दादा, तू तर अशाच फोटोंचं सॉफ्टवेअर लिहितो ना? मग सांग, माझं रक्त वेगळं आहे हे त्या मशीनला कळते काय?"

"कळत असेल ना," म्हणून मी मोकळा झालो. रात्री आमचाच कोड उघडून पाहिला. नाही कळत.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. गाठ, सूज, जुना स्ट्रोक दाखवणारा नेहमीचा एमआरआय असतो, त्याबद्दल मी बोलत नाहीये. मेंदूचं काम किंवा मेंदूतला रक्तप्रवाह आकड्यांत मोजतात, त्या स्कॅनबद्दल बोलतोय.

पहिला एफएमआरआय. 'मेंदूचा हा भाग उजळला' असे रंगीत फोटो बातम्यांत येतात ना, तेच. खरं तर तिथे उजळत काहीच नाही. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे किंचित ओढलं जातं, ऑक्सिजन असलेलं ओढलं जात नाही. हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्ये दाखवलं. त्यावरून मेंदूची चित्रं काढता येतात, हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त धावतं आणि सिग्नल थोडा वाढतो. म्हणजे मशीन थेट मेंदूच्या पेशींचं काम मोजत नाही, रक्तातला बदल मोजतं.

आता ज्याच्या रक्तात हिमोग्लोबिनच कमी, त्याचा सिग्नलही लहान येतो. मेंदू तेवढंच काम करत असला तरी! बायकांच्या रक्तात लाल पेशी पुरुषांपेक्षा सरासरीने कमी असतात. म्हणून 'बायकांचा मेंदू वेगळा चालतो' असा निष्कर्ष स्कॅनवरून कोणी काढला, तर पहिला प्रश्न विचारायचा: रक्त तपासलं होतं का?

आपल्या यवतमाळात हे समजायला सोपं आहे. कापूस काट्यावर टाकला की काटा खोटं बोलत नाही. पण त्या वजनात ओल किती? म्हणून सीसीआयच्या खरेदीत आधी ओलावा बघतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात, १२ च्या वर माल परत. एमआरआयच्या काट्याला रक्ताचं असं मीटर बहुतेक वेळा लावलेलंच नसतं.

दुसरा स्कॅन एएसएल, म्हणजे आर्टेरियल स्पिन लेबलिंग. यात मानेतून वर जाणाऱ्या रक्तावर चुंबकीय खूण करतात आणि ती मेंदूत किती पोचली ते बघतात. वाटेत खूण पुसट होत जाते. किती वेगाने, हे लाल पेशींवर अवलंबून असतं: पेशी कमी, तर खूण जास्त वेळ टिकते. ३ टेस्लाच्या मशीनसाठी सूत्रात ही वेळ सगळ्यांना सरसकट १.६५ सेकंद धरायची पद्धत आहे. आमच्या कोडमध्येही तोच आकडा डिफॉल्ट होता.

१.६५ कोणाचा? ज्याच्या रक्तात लाल पेशी साधारण ४३ टक्के आहेत त्याचा, म्हणजे एखाद्या धडधाकट पुरुषाचा. माझ्या बहिणीचा आकडा २४ च्या आसपास येईल. तिच्यासाठी हीच वेळ जवळपास २ सेकंद होते. मी ढोबळ हिशोब करून पाहिला, तर डिफॉल्ट ठेवल्यावर तिचा रक्तप्रवाह २५ ते ३० टक्के जास्त दिसतो!

आता यात बिघडतं काय? रक्तक्षयात शरीर ऑक्सिजनची कमी भरून काढायला मेंदूकडे खरंच जास्त रक्त पाठवतं. मग खरं किती वाढलं आणि सूत्राने किती फुगवलं, हे वेगळं कसं करणार? रक्त चढवल्यावर पुन्हा स्कॅन केला की प्रवाह कमी दिसेल. तो उपचाराचा परिणाम की आपली चूक? सिकलसेलच्या मुलांना लहान वयातच स्ट्रोकचा धोका असतो, तिथे असा गोंधळ परवडत नाही.

आणि हे थोड्या लोकांपुरतं नाही. विदर्भात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. मग 'नॉर्मल' रक्त कोणाचं धरलं आपण?

उपाय मात्र स्वस्त आहे. त्याच दिवशीची सीबीसी. रिपोर्टमध्ये 'पीसीव्ही' किंवा 'एचसीटी' नावाची ओळ असते, तीच लाल पेशींची टक्केवारी. हिमोग्लोबिनच्या साधारण तिप्पट येते. मी कोडमधून तो डिफॉल्ट काढून टाकला. आता पीसीव्ही भरल्याशिवाय प्रोग्रॅम पुढे जात नाही. टीममधला एक जण वैतागला, "एक जास्तीची पायरी वाढवली ना भाऊ!" वाढवली.

बहिणीला परत फोन केला. म्हटलं, "तुझा स्कॅन साधाच आहे, घाबरू नको. पण सीबीसीचा कागद सोबत ने, आणि सिकलसेल आहे हे आधीच सांग."

ती म्हणाली, "म्हणजे मशीनला आपणच सांगायचं?"

हो ताई, आपणच सांगायचं. मंडळी, तुमचा पीसीव्ही किती? जुना रिपोर्ट काढून बघा. भेटू पुढच्या भागात.