खेळ आणि द्रव्य – लेखांक ६ : गोलंदाजाचे मोल आणि गोलंदाजाची मर्जी

संघमालकांच्या खर्चावर घातलेल्या मर्यादेचा विचार मागील लेखांकात आपण केला. त्या मर्यादित द्रव्यातून ज्यांच्यासाठी सर्वांत मोठ्या बोली लागतात त्यांत अग्रभागी असणारे द्रुतगती गोलंदाज या व्यवहारात कोणत्या अधिकाराने उभे असतात, हा आजचा विषय आहे. आणि त्यासाठी नागपूरकरांना दूर जाण्याचे कारण नाही.

खापरखेड्याजवळील वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेला उमेश यादव हा विदर्भाकडून खेळत कसोटी संघात पोहोचलेला पहिला खेळाडू. २०१० साली आयपीएलमध्ये तो दिल्लीकडून खेळू लागला. पुढे २०१४ च्या लिलावात कोलकात्याने २ कोटी ६० लाखांना, २०१८ मध्ये बंगळुरूने ४ कोटी २० लाखांना, २०२१ मध्ये दिल्लीने अवघ्या १ कोटीला आणि २०२२ मध्ये पुन्हा कोलकात्याने २ कोटींना त्याला घेतले. २०२१ च्या हंगामात दिल्लीने त्याला एकाही सामन्यात उतरविले नाही, आणि पुढच्याच हंगामात त्याने कोलकात्यासाठी १६ बळी मिळविले. म्हणजे वर्षभरात त्याची गोलंदाजी पालटली नव्हती, पालटली होती ती केवळ त्याला मिळालेली संधी. १९ डिसेंबर २०२३ रोजी दुबईच्या लिलावात गुजरातने त्याच्यासाठी ५ कोटी ८० लाख मोजले आणि पुढील वर्षी जेद्दा येथे त्याच्या नावावर एकही बोली लागली नाही.

या चढउताराचे मूळ लिलावाच्या रीतीतच आहे. खेळाडूने आपले नाव नोंदवावे, मूळ किंमत लिहून द्यावी, एवढाच त्याचा अखत्यार. पुढचे सारे संघांच्या गरजेवर आणि त्या घटकेला त्यांच्या हाती उरलेल्या रकमेवर अवलंबून असते. त्याच दिवशी दुबईत मिचेल स्टार्कची २ कोटींची मूळ किंमत २४ कोटी ७५ लाखांवर गेली, ती कोलकात्याच्या एकट्याच्या औदार्याने नव्हे, तर गुजरात अखेरपर्यंत मागे हटले नाही म्हणून. कारण लिलावात भाव चढविते ते हरणारे गिऱ्हाईक. बोली संपली की खेळाडू बांधला गेला; आता तर सबळ कारणावाचून माघार घेणाऱ्यास दोन हंगामांची बंदी आहे.

अमेरिकेतील बेसबॉलमध्येही एके काळी पिचर, म्हणजे तेथला गोलंदाज, आपल्या संघाशी असाच जखडलेला असे. डिसेंबर १९७५ मध्ये पीटर साइट्स या लवादाने दोन पिचरांच्या बाजूने निकाल दिला आणि ती बेडी तुटली. आज सहा वर्षांची सेवा पुरी करून करार संपलेला खेळाडू कोणत्याही संघाशी स्वतः बोलणी करू शकतो. लहानपणी न्यूयॉर्क यांकीजच्या निष्ठेचा फलक हाती धरून सामन्याला बसलेला पिचर गेरिट कोल डिसेंबर २०१९ मध्ये ३२ कोटी ४० लाख डॉलरांच्या नऊ वर्षांच्या करारावर त्याच संघात दाखल झाला आणि तो जुना फलक घेऊनच पत्रकारांसमोर आला. दाम त्याला मिळाला, आणि संघही त्याच्या मनाचा मिळाला.

आपल्या देशांतर्गत क्रिकेटमध्येही अशा निवडीला वाव आहे. करुण नायर २०२३ मध्ये कर्नाटकाचे नाहरकत पत्र घेऊन विदर्भाकडे आला आणि मार्च २०२५ मध्ये जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्ध १३५ धावा करून रणजी करंडकाच्या विजयात त्याने मोलाचा वाटा उचलला. खेळाडूची मर्जी आणि संघाची गरज यांचा मेळ बसला म्हणजे उभयतांचे कल्याण कसे होते, हे नागपूरने डोळ्यांनी पाहिले आहे.

खेळाडूंना निवडीचा हक्क दिला तर धनाढ्य संघ सारे उत्तम गोलंदाज आपल्याकडे ओढतील, असा आक्षेप घेतला जातो. परंतु बेसबॉलमध्ये संघाच्या खर्चाला अलंघ्य मर्यादा नाही, आयपीएलमध्ये ती आहे. सर्व संघांच्या खर्चाला एकच सीमा असताना गोलंदाजाने त्या सीमेच्या आत आपला संघ आपण निवडला, तर समतोल ढळण्याचे भय अमेरिकेपेक्षा येथे पुष्कळच कमी. पाठ आणि खांदा झिजवून उपजीविका करणाऱ्या, ज्याच्या उमेदीची वर्षे मोजकीच असतात, अशा माणसाला ठरावीक हंगामांच्या सेवेनंतर हा हक्क मिळालाच पाहिजे. दाम चुकता केला म्हणजे माणसाची मर्जीही विकत घेतली, असे मानणारी व्यवस्था न्यायाची म्हणता येणार नाही.