घरचे स्थलांतर, परीक्षेतले इंग्रजी

सातारा जिल्ह्यातील माण-खटाव असो वा सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी, या दुष्काळी पट्ट्यात स्थलांतर हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही. आजोबा मुंबईच्या गिरणीत, चुलते बाजारपेठेत माथाडी, मामा सोन्या-चांदीच्या गलाईच्या व्यवसायापायी दूरच्या राज्यात, अशी घरे गावोगाव आढळतात. दीर्घ कामाच्या तासांचेही तसेच. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड मजुरांचा दिवस कधी सुरू होतो आणि कधी संपतो, हे फडाशेजारी राहणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते.

आणि तरीही याच घरांतील मुलेमुली 'आयईएलटीएस' या इंग्रजीच्या परीक्षेला बसतात, समोर नेमके स्थलांतराचा आलेख किंवा कामाच्या तासांवरील निबंध येतो, आणि लेखनाचे गुण सहा किंवा साडेसहावर अडकतात. श्रवण, वाचन, संभाषण यांत पुढे गेलेला विद्यार्थी लेखनात अर्ध्या गुणाने मागे राहतो. हा अर्धा गुण महागडा असतो. परीक्षेचे शुल्कच हजारो रुपयांचे. त्याशिवाय विद्यापीठाचा प्रवेश, व्हिसा आणि अनेकदा शेत तारण ठेवून काढलेले कर्ज त्यावर लटकलेले असते. परिचारिकांच्या बाबतीत ही अडचण इतकी जाणवली की ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने २०१८ साली अन्य तीन कौशल्यांना ७ गुणांची अट कायम ठेवून लेखनाची अट मात्र ७ वरून ६.५ वर आणली. मिशन रुग्णालयाची परंपरा असलेल्या मिरजेसारख्या गावातून परदेशी जाऊ पाहणाऱ्या परिचारिकेच्या दृष्टीने या निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको.

परीक्षेची रचना प्रथम समजून घ्यायला हवी. लेखनाला एक तास मिळतो. पहिल्या प्रश्नात आलेख, तक्ता किंवा आकृती यांचे किमान १५० शब्दांत वर्णन. दुसऱ्यात किमान २५० शब्दांचा निबंध. दुसऱ्या प्रश्नाचे वजन पहिल्याच्या दुप्पट असते, म्हणून वीस आणि चाळीस मिनिटे अशी वाटणी सुचविली जाते. ('जनरल ट्रेनिंग' प्रकारात आलेखाऐवजी पत्र असते, निबंध तेथेही चुकत नाही.) तपासनीस चार बाजूंनी गुण देतो: प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणीतील सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण. चारही बाजूंना सारखेच महत्त्व आहे. वर्गांतून मात्र शब्दसंपदेवरच भर दिसतो आणि अवघड शब्दांच्या याद्या घोकून घेतल्या जातात.

खरी गफलत वेगळीच आहे. विद्यार्थी आलेखात जे लिहू नये ते लिहितो आणि निबंधात जे लिहायला हवे ते लिहीत नाही.

आलेखाच्या प्रश्नात कारणे विचारलेली नसतात. एखाद्या प्रदेशातून शहराकडे जाणाऱ्यांची संख्या वाढताना दिसली की माणदेशातील विद्यार्थ्याची लेखणी सहजच 'ड्यू टू ड्रॉट' असे लिहून जाते. त्याला ते ठाऊक असते, त्याने ते भोगलेलेही असते. परंतु आलेखात दुष्काळ नसतो, असतात फक्त आकडे. हा नियम परीक्षकाचा हट्ट म्हणून सोडून देता येणार नाही. जनगणनेचेच उदाहरण घ्यावे. २००१ साली सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २८,०८,९९४ होती. २०११ साली ती ३०,०३,७४१ झाली. सांगलीची २५,८३,५२४ वरून २८,२२,१४३ वर गेली. म्हणजे साताऱ्याची वाढ सुमारे ६.९ टक्के, सांगलीची ९.२ टक्के आणि त्याच दशकात महाराष्ट्राची जवळपास १६ टक्के. आता साताऱ्याची वाढ कमी का? लोक बाहेर गेले म्हणून, की जन्मदर घटला म्हणून? या आकड्यांवरून ते सांगता येत नाही. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे साताऱ्यात ९८८ स्त्रिया, राज्यात ९२९ आणि मुंबई उपनगर जिल्ह्यात ८६० होत्या, हे शेजारी ठेवले की पुरुषांच्या स्थलांतराचा संशय बळावतो. पण तो दुसरा तक्ता झाला. समोर आहे तेवढेच सांगण्याची शिस्त पहिल्या प्रश्नात तपासली जाते.

सरावासाठी परदेशी आलेखच हवेत असे मुळीच नाही. वरच्याच आकड्यांवर वीस मिनिटे बसावे. येथे सर्वांत मोलाचे वाक्य म्हणजे 'ओव्हरव्ह्यू', अर्थात एकंदर चित्र सांगणारे वाक्य. शाळेत 'पहिल्यापासून क्रमाने लिही' असे वळण लागलेले असल्यामुळे बहुतेक जण डावीकडच्या पहिल्या आकड्यापासून सुरुवात करून शेवटच्या आकड्यापर्यंत चालत जातात आणि चित्र सांगायचे राहूनच जाते. यावर साधा उपाय आहे. लिहिण्यापूर्वी ते चित्र घरातल्या माणसाला मराठीत एका दमात सांगून पाहावे: 'दोन्ही जिल्हे वाढले, सांगली जास्त वाढली, पण राज्याच्या मानाने दोघेही मागेच राहिले.' हेच इंग्रजीत लिहावे: 'ओव्हरऑल, बोथ डिस्ट्रिक्ट्स ग्रू ओव्हर द डेकेड, सांगली फास्टर दॅन सातारा, बट बोथ लॅग्ड बिहाइंड द स्टेट.' या वाक्यात एकही अवघड शब्द नाही आणि एकही आकडा नाही. आकडे त्यानंतर, निवडून.

आकड्यांच्या भोवतीची अव्यये हा पुढचा अडथळा. मराठी कान येथे उलट मदतच करतो. लोकसंख्या सुमारे दोन लाखांनी वाढली, तेथे 'बाय'. तीस लाखांवर गेली, तेथे 'टू'. लोकसंख्येत वाढ झाली, तेथे 'राइज इन'. दोन लाखांची वाढ झाली, तेथे 'राइज ऑफ'. '-नी', '-वर', '-त', '-ची' हे फरक मराठी विद्यार्थी बोलताना कधीच चुकत नाही. फक्त त्यांची जोडी इंग्रजीत लावून घ्यायची. लाख आणि कोटी मात्र सोडावे लागतात. २८ लाख म्हणजे २.८ मिलियन; घाईत २८ मिलियन लिहून बसणारे थोडे नाहीत.

स्थलांतराच्या आलेखात आणखी एक खड्डा असतो. मराठीत येणे-जाणे दोन्हीला स्थलांतरच म्हणतात. इंग्रजीत देशात येणे 'इमिग्रेशन', देशातून जाणे 'एमिग्रेशन' आणि दोहोंतील फरक 'नेट मायग्रेशन'. सांगलीच्या हळद बाजाराची आवक-जावक ठाऊक असणाऱ्याला हे कठीण वाटू नये. समजा, एका वर्षी ५०० जण आले आणि ३०० गेले, म्हणजे निव्वळ भर २०० ची. पुढच्या वर्षी ४५० आले, ३२० गेले. भर १३० ची. येणारे घटले, जाणारे वाढले, तरी लोकसंख्येत भरच पडली. आवक मंदावली तरी ती जावकीपेक्षा जास्त असेल तोवर कोठारातील माल वाढतच राहतो. घसरती रेघ पाहून 'पॉप्युलेशन डिक्रीज्ड' लिहिणारा विद्यार्थी येथे भाषेत नव्हे, समजुतीत चुकतो आणि 'उत्तर' या पहिल्याच कसोटीवर गुण गमावतो.

निबंधात नेमके उलटे घडते. आता कारणे हवी असतात, अनुभव हवा असतो, उदाहरण हवे असते. आणि विद्यार्थी लिहितो, 'इन धिस मॉडर्न एरा' किंवा 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स'. असली पाठ केलेली वाक्ये तपासनीस दुरूनच ओळखतो आणि त्यांना गुण देत नाही. एखाद्या नामांकित विद्यापीठाच्या नावावर खपवलेली मनची टक्केवारीही तशीच. तिने निबंध वजनदार होतो ही समजूत कोठून आली कोण जाणे! आकडा द्यायचाच तर खरा द्यावा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक असतो. एवढा एक आकडा पुरेसा आहे.

लोक जास्त तास का काम करतात, या प्रश्नाचे ठरावीक उत्तर 'पैशाची हाव' किंवा 'स्पर्धा' असे असते. ऊसतोड मजुराकडे पाहिले तर वेगळेच कारण दिसते. त्याला तासावर नव्हे, टनावर मजुरी मिळते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरली जाते. जितका ऊस तुटेल आणि गाडीत भरला जाईल तितके पैसे. मजुरी कामाच्या मापावर ठरली की दिवस आपोआप लांबतो, हा तर्क आहे, आणि तोच इंग्रजीत मांडायचा आहे. पुण्याच्या माहिती तंत्रज्ञान कंपनीत गेलेल्या सांगलीच्या अभियंत्याचा दिवस दुसऱ्या कारणाने लांबतो: अमेरिकेतील कार्यालय उघडते तेव्हा येथे संध्याकाळ झालेली असते. दोन कारणे, दोन परिच्छेद. प्रत्येकात आधी विधान, मग त्यामागचे कारण, मग उदाहरण. फक्त 'कोयता' हा शब्द परदेशी वाचकाला कळणार नाही, याचे भान ठेवून त्याच वाक्यात 'अ कपल पेड टुगेदर बाय द टन' एवढा खुलासा करावा. स्थानिक उदाहरणाला कमीपणा नाही. खुलाशाविना दिलेले उदाहरण मात्र वाया जाते.

उपायांच्या परिच्छेदात 'गव्हर्नमेंट शुड टेक स्ट्रिक्ट स्टेप्स' हे वाक्य तर जवळजवळ अनिवार्यच झाले आहे. कोणती पावले, हे कोणी सांगत नाही. सांगण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पाटण तालुक्यातून मुंबईत गेलेल्या अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने डोक्यावर ओझी वाहणाऱ्या असंघटित कामगाराची नोंदणी व मजुरी मंडळामार्फत होण्याची सोय झाली. मतमतांतरेही ताजी आहेत. 'इन्फोसिस'चे संस्थापक नारायण मूर्ती यांनी २०२३ साली तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचविले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. 'सहमत आहात काय?' असा प्रश्न आला तर दोन्ही बाजूंचा मजकूर वर्तमानपत्रातच तयार असतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका' योजनेत शिकलेल्यांच्या नातवंडांना तर दीर्घ श्रमांची चांगली बाजू घरीच ऐकायला मिळालेली असते.

राहता राहिले व्याकरण. येथे दोष थोडेच, पण चिवट असतात. 'पाच वर्षांपासून' या मराठी वळणाने 'सिन्स फाइव्ह इयर्स' लिहिले जाते; तेथे 'फॉर' हवे. 'कामे' म्हणून 'वर्क्स' लिहिले जाते. काम या अर्थी 'वर्क' मोजले जात नाही. गाव सोडून जाण्याला 'शिफ्ट' म्हटले जाते. पण कामाच्या तासांवरील निबंधात 'शिफ्ट' म्हणजे पाळी, तेव्हा 'मूव्ह' वापरलेले बरे. 'नेटिव्ह प्लेस' हा प्रयोग भारताबाहेर परका वाटतो. 'होम व्हिलेज' कोठेही चालतो. आलेखातील साल उलटून गेलेले असेल तर साधा भूतकाळ. पुढचे असेल तर 'इज प्रोजेक्टेड टू'.

शेवटची पाच मिनिटे याच यादीसाठी राखावीत. संगणकावर परीक्षा देणाऱ्यास शब्दसंख्या पडद्यावरच दिसते, त्यामुळे मोजण्यात वेळ जात नाही. स्वतःच्या नेहमीच्या चार-पाच चुका वहीत टिपून ठेवलेल्या असाव्यात आणि केवळ त्यांच्याच शोधात उत्तरावरून एकदा नजर फिरवावी. त्या वहीत एक चूक बहुतेकांना आढळेल. 'ते दहा तास कसून काम करतात' असे म्हणायचे असते आणि कागदावर उतरते, 'दे वर्क हार्डली फॉर टेन अवर्स'. 'हार्ड'ला शेपूट जोडले की अर्थ होतो, ते जेमतेमच काम करतात. उसाच्या फडात पहाटेपासून राबणाऱ्या जोडप्याविषयी असे लिहून येऊ नये.