आवक टपाल आणि सात दिवसांची नोटीस

बँकेत रुजू झालो तेव्हा माझ्याकडे पहिले काम आले ते आवक नोंदवहीचे. मुदतीची पत्रे आधी वेगळी काढायची, परिपत्रके फाइलला लावायची आणि जाहिराती टोपलीत टाकायच्या, असा दंडक होता. त्याचे मोल आचऱ्यातील एका परिचित व्यापाऱ्यांच्या पेढीवर नव्याने उमगले.

त्यांचा ई-मेल व्यापारी व करविषयक समूहांना जोडलेला. रोज पत्रांचा ढीग. चिरंजीवांनी तोड काढली. विषयात ‘जीएसटी’ शब्द असलेले प्रत्येक पत्र आपोआप वेगळ्या कप्प्यात जाऊ लागले. ओघ आटला खरा. पण नोंदणी रद्द का करू नये, अशी विचारणा करणारी नोटीसही तिकडेच गेली. उत्तरासाठी कामकाजाचे 7 दिवस असतात. शेठजींच्या दृष्टीस ती पडली तेव्हा नोंदणी रद्द झाली होती. मालवणच्या जुन्या ग्राहकाला करबीज द्यायचे कसे, हा प्रश्न होता. नोंदणी पूर्ववत होईस्तोवर महिना गेला.

‘पत्र पाहिलेच नाही’ ही सबब टिकणे कठीण. केंद्रीय जीएसटी कायदा, 2017 च्या कलम 169 मध्ये नोंदणीतील ई-मेलवर पाठवणे आणि पोर्टलवर ठेवणे, या दोन्ही बजावणीच्या मान्य पद्धती आहेत.

चूक गाळणी लावण्यात नव्हती, शब्दावरून लावण्यात होती. शब्द सर्वांचा सारखाच. पाठवणारा मात्र वेगळा. जीमेल संगणकावर उघडावे (मोबाइल ॲपमध्ये गाळणी तयार करता येत नाही). समूहाचे एक पत्र उघडून तीन ठिपक्यांच्या यादीतून ‘फिल्टर मेसेजेस लाइक दीज’ निवडावे. समूहाची ओळख तिथे आपोआप भरली जाते. मग ‘स्किप द इनबॉक्स’ आणि एक लेबल. समूहाची पत्रे नाहीशी होत नाहीत, फुरसतीने वाचता येतात. दुसरी गाळणी उलट कामाची: पाठवणाऱ्याच्या रकान्यात ‘जीएसटी डॉट गव्ह डॉट इन’ आणि ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन’ हे पत्ते इंग्रजीत भरून ‘मुदत’ असे लेबल द्यावे, शिवाय ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ यावर खूण करावी. नोंदणीत करसल्लागाराचाच ई-मेल दिलेला असेल, तर मात्र ही सारी मेहनत व्यर्थ. तो आधी बदलून घ्यावा.

शेठजी आता पेढी उघडताच ‘मुदत’ पाहतात, आठवड्यातून दोनदा पोर्टलही. आचऱ्याच्या गावपळणीत तीन दिवस सारा गाव वेशीबाहेर राहतो. नोटिशीची मुदत थोडीच थांबणार? पुढच्या गावपळणीला मोबाइल आणि त्याची बॅटरी राहुटीत न्यायची, असे त्यांनी ठरवले आहे.