हिमप्रदेशातील वनस्पतींची वर्गवारी

वनस्पतींची वर्गवारी म्हटली की पाकळ्या, पुंकेसर आणि बीजकोश यांची मोजदाद डोळ्यांपुढे उभी राहते. अठराव्या शतकात लिनियसने रूढ केलेली ही रीत वनस्पतीचे कूळ शोधण्यास उपयोगी पडते; ती जगते कशी, याचे उत्तर मात्र त्या रीतीत नाही. हिमालयाच्या एकाच उतारावर शेजारी शेजारी वाढणाऱ्या वनस्पती निरनिराळ्या कुळांतल्या असतात. तरीही बहुतेक ठेंगण्या, दाट आणि जमिनीला बिलगलेल्या आढळतात. हे साम्य कुळाचे नव्हे, परिस्थितीचे होय.

या साम्याकडे लक्ष वेधणाऱ्या आद्य अभ्यासकांत हुंबोल्ट यांची गणना होते. १८०२ मध्ये ते दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो पर्वत चढले आणि १८०७ मध्ये त्यांनी त्या पर्वताचे एक चित्र प्रसिद्ध केले. कोणत्या उंचीवर कोणती वनस्पती वाढते, हे त्यात दाखविले होते. पर्वतावर चढणे म्हणजे जणू ध्रुवाकडे प्रवास करणे, ही कल्पना त्यातूनच दृढ झाली. परंतु हे साम्य अपुरे आहे. ध्रुवप्रदेशात उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, तर हिवाळ्यात तो उगवत नाही. हिमालयात मात्र दिवसाचे प्रखर ऊन आणि रात्रीचा गारठा यांचा फेरा रोजचा असतो. म्हणून केवळ उंचीवरून किंवा अक्षांशावरून वर्ग पाडता येत नाहीत.

डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ राउंकिअर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक साधा प्रश्न विचारला : प्रतिकूल ऋतूत वनस्पती आपला पुढील वर्षीचा डोळा कोठे सांभाळते? उसाच्या पेरावरचा डोळा शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. नवा कोंब तेथूनच फुटतो. या डोळ्याच्या जागेवरून त्यांनी पाच मुख्य वर्ग पाडले. पहिल्या वर्गात डोळा जमिनीपासून २५ सेंटिमीटरपेक्षा उंच असतो. वृक्ष आणि मोठी झुडपे यांत येतात. दुसऱ्यात तो जमिनीच्या वर, पण त्या मर्यादेच्या आत असतो. तिसऱ्यात जमिनीच्या सपाटीशी, तर चौथ्यात तो कंदाच्या किंवा मूळखोडाच्या आश्रयाने जमिनीखाली असतो. पाचव्या वर्गातील वनस्पती वर्षभरात आटोपतात. मागे केवळ बी उरते.

ही फूटपट्टी त्यांनी उत्तर ध्रुवाजवळील स्पिट्सबर्गेन येथील ११० जातींना लावली, तेव्हा तिसऱ्या वर्गात ६० टक्के आणि दुसऱ्यात २२ टक्के जाती आल्या. पहिल्या वर्गात अवघी एक टक्का आणि पाचव्यात दोन टक्के! याचे कारण उघड आहे. बर्फ हे येथे पांघरूण असते. त्याखाली दडलेला डोळा वाचतो; वर डोकावणारा वाऱ्याने सुकतो. एकवर्षी वनस्पतीला तर थोड्याच आठवड्यांत रुजून, फुलून बी धरावे लागते, आणि एखादा उन्हाळा हुकला की सारे हुकते.

या पद्धतीत एक उणीव राहते. दक्षिण ध्रुवाच्या खंडावर सपुष्प वनस्पतींच्या दोनच स्थानिक जाती आहेत. तेथील हिरवाई मुख्यतः हरिता आणि शैवाक यांची. मराठी स्वयंपाकघरातील दगडफूल हे शैवाकाचेच भाईबंद. अशा वनस्पतींना राउंकिअर यांच्या मूळ गणनेत स्थान नव्हते. म्हणून २००३ मध्ये तयार झालेल्या उत्तर ध्रुवप्रदेशाच्या नकाशात वनस्पतींच्या एकंदर रूपावरून पाच मोठे विभाग केले गेले : विरळ वनस्पतींची भूमी, गवताळ टुंड्रा, सरपटणाऱ्या झुडपांचा टुंड्रा, उभ्या झुडपांचा टुंड्रा आणि पाणथळी. भारतातही चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये वनांचे सोळा गट मांडले. त्यांतील शेवटचे तीन उंच हिमालयाचे आहेत : वृक्षरेषेलगतची वने, दमट झुडुपे आणि कोरडी झुडुपे.

ही नावे केवळ कागदावरची नाहीत. ज्या भूमीला वर्ग नाही, ती दप्तरात सहज ओसाड ठरते, आणि ओसाड जमिनीचा कैवार घेण्यास कोणी पुढे येत नाही. वस्तुतः लडाखमध्ये ६,००० मीटरच्याही वर सपुष्प वनस्पती आढळल्या आहेत. शिवाय हवामान तापत असताना अलास्काच्या काही भागांत उभी झुडपे पसरत असल्याचे जुन्या आणि नव्या हवाई छायाचित्रांच्या तुलनेतून दिसून आले आहे. अशी झुडपे बर्फाच्या वर डोके काढून अधिक ऊन शोषतात आणि आसपासची उष्णता वाढवितात. कालचा सरपटणारा टुंड्रा आज उभा झाला, हे कळण्यासाठी काल त्याची नोंद कोणत्या वर्गात झाली होती, हे ठाऊक असावे लागते. हिमालयातील प्रत्येक उताराची अशी नोंद आजच करून ठेवणे अगत्याचे आहे, ते याचसाठी.