रविवारची मिसळ आणि वजनाचा काटा
नाशकात रविवारची मिसळ सहसा एकट्याने खाल्ली जात नाही. मित्र जमतात, रस्सा पुन्हा मागवला जातो, आणि पोट भरलेलं असूनही गप्पांच्या नादात चौथा पाव संपतो. वजन वाढतं ते असं, संगतीने. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम हृदयरोग अभ्यासातल्या १२,०६७ जणांच्या ३२ वर्षांच्या नोंदी तपासल्यावर २००७ मध्ये दिसलं, की मित्र लठ्ठ झाला तर आपणही लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते.

हीच संगत कामालाही लावता येते. मोड आलेली मटकी उत्तमच. तर्री, शेव, पाव किती हे सगळ्यांनी मिळून ठरवावं. आधी गोदाकाठी एकत्र चालून यावं. घरच्यांनी मात्र ‘अजून एक घे ना’ सोडावं. मला हेच सर्वांत अवघड वाटतं, कारण त्या आग्रहात माया असते.