एक टँक हवा!

आयर्नफोर्ज हे डोंगराच्या पोटात वसलेलं शहर. तिथे चौघे अर्ध्या तासापासून खोळंबले आहेत : एक प्रीस्ट, एक मेज, एक रोग, एक हंटर. गुहेत उतरायची सगळी तयारी झाली आहे. चॅटमध्ये दर मिनिटाला एकच पुकारा होतो, ‘एक टँक हवा, बाकी सगळे तयार!’ टँक काही मिळत नाही. शेवटी एकाच्या घरून जेवणाची हाक येते, तो उठतो आणि मोहीम सुरू होण्याआधीच मोडते.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ २३ नोव्हेंबर २००४ रोजी अमेरिकेत आला. त्याच्या पहिल्या काही वर्षांत हा खेळ खेळलेल्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. सोबती मिळणार की नाही हे तुमच्या कौशल्याच्याही आधी तुमचा क्लास ठरवतो. आणि क्लास निवडायचा असतो अगदी पहिल्या पाच मिनिटांत, खेळाची काडीचीही माहिती नसताना.

क्लास म्हणजे पात्राचा पेशा, जसे वरचे प्रीस्ट, मेज, रोग आणि हंटर. १९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावरच्या खेळात लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक असे तीनच पेशे होते. ऑनलाइन खेळांत त्यातून तीन कामं पक्की झाली. शत्रूचा मार अंगावर घेतो तो टँक, सोबत्यांना जगवतो तो हीलर, आणि शत्रूला लोळवतात ते डॅमेजवाले.

खोळंब्याचं गणित साधं आहे. वॉरक्राफ्टच्या डंजनमध्ये, म्हणजे गुहेतल्या मोहिमेत, पाच जण लागतात : एक टँक, एक हीलर, तीन डॅमेजवाले. समजा, शंभर जण खेळायला आले आणि त्यांत १० टँक, २० हीलर, ७० डॅमेजवाले निघाले. गट बनतील दहाच. पन्नास जण आत जातील आणि पन्नास बाहेर राहतील, त्यांत डॅमेजवाले ४०. टँकला मात्र क्षणभरही थांबावं लागणार नाही.

मोठ्या मोहिमेत, म्हणजे रेडमध्ये, हेच गणित उलटतं. सुरुवातीच्या रेडमध्ये ४० जण असत, पण टँक मोजकेच लागत. डंजनसाठी ज्याला सगळे हाका मारत, तोच टँक रेडच्या दारात जागा मागत उभा राही. पॅलाडिन आणि ड्रुइड या पेशांना तिन्ही कामं जमायची, तरी रेडचे म्होरके त्यांना बहुधा हीलर म्हणूनच घेत. शाप देणाऱ्या वॉरलॉकची अडचण आणखी तांत्रिक होती. शत्रूवर एका वेळी ठरावीक संख्येइतकेच शाप टिकत, आधी आठ आणि नंतर सोळा. त्यामुळे त्याचे अर्धे मंत्र वापरायलाच बंदी असे.

वॉरक्राफ्टच्या आधीच्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये (१९९९) सहा जणांचा गट असे. वॉरियर, क्लेरिक आणि एन्चँटर मिळाले की गटाचा कणा तयार होई. क्लेरिकचा सर्वांत मोठा उपचारमंत्र म्हणायला दहा सेकंद लागत, पण त्याच्याशिवाय मोठा शत्रू पडत नसे. नेक्रोमॅन्सर मात्र एकट्यानेच भटकू शके, आणि ज्याचं एकट्याने भागतं त्याला बोलावण्याची घाई कुणालाच नसते.

निर्मात्यांनी उपाय पुष्कळ केले. डिसेंबर २००९ मध्ये वॉरक्राफ्टमध्ये ‘डंजन फाइंडर’ आला. तो वेगवेगळ्या सर्व्हरवरचे खेळाडू आपोआप जुळवून थेट गुहेत पोहोचवी. तरीही टँक कमीच पडले, म्हणून एप्रिल २०११ मध्ये ज्या कामाला माणसं कमी, त्याला जास्तीचं बक्षीस सुरू झालं. ‘फायनल फँटसी १४’मध्ये एकाच पात्राला सगळे पेशे शिकता येतात, शिवाय टंचाईतल्या कामाला बक्षीसही मिळतं. ‘गिल्ड वॉर्स २’ने २०१२ मध्ये टँक-हीलर ही विभागणीच काढून टाकली. तिथेही ‘याच पेशाचे या’ अशा अटी खेळाडूंनी घातल्याच, आणि २०१५ मध्ये रेड आल्यावर हीलर परतला.

मग टँक होतं का नाही कुणी? डॅमेजवाल्याची चूक तिघांच्या गर्दीत खपून जाते. टँक चुकला की पाचही जण मरतात, आणि चूक कुणाची हे सगळ्यांना दिसतं. वाट त्यालाच ठाऊक हवी, वेगही त्यानेच ठरवायचा. बक्षिसाने चार दिवस माणसं वाढतात, जबाबदारीचं ओझं मात्र तेवढंच राहतं. पूर्वी एकाच सर्व्हरवरच्या ओळखीमुळे नवख्याला सांभाळून घेतलं जाई. आता आपोआप जुळलेल्या गटात पुन्हा कधी न भेटणारी माणसं असतात, आणि पहिल्याच चुकीला कुणीतरी फटकारतं. तो नवखा मग पुन्हा डॅमेजवाला होतो. रांग आणखी एका माणसाने लांबते आणि फटकारणाराही त्याच रांगेत उभा असतो.

म्हणून पुढच्या वेळी टँक वाट चुकला, तर थांबा. ‘डावीकडे वळ, आम्ही आहोत’ एवढंच लिहा. उद्या तो पुन्हा टँक म्हणून आला, तर आणखी चौघांची संध्याकाळ वाया जाणार नाही.